सागवानी जर्मन बंदूक

ब्रह्मपुरी, मंगळवार, १८ नोव्हेंबर

नाटकासाठी मी घडवलेली सागवानी बंदूक आज तालमीत नेली. नाटक आपल्या जंगलातल्या गावाचं, पण बंदूक म्हटली की माझ्या डोळ्यांसमोर सिनेमातल्या जर्मन शिपायाचीच येते. मोबाइलच्या गेममध्येही तीच. लांब मॅगझिन, दुमडता दस्ता. सगळ्यांनी फोटो काढले.

नाटकात आईचं काम करणारी शांताबाई मात्र या बंदुकीसमोर रडेचना. दिग्दर्शक खेकसला, तेव्हा मला म्हणाली, "भाऊ, मले हिची भीतीच वाटत नाई. माह्या भावाले नक्षल्यायनं घरून नेलं, तवा त्यायच्या हाती भरमार बंदूक होती, ठासणीची. दस्ता फुटला होता, त्याले सायकलची ट्यूब गुंडाळली होती."

ट्यूब. इतक्या वर्षांनी तेवढंच आठवतं? की तेवढंच सांगवलं?

दिग्दर्शक खूश. "तशीच बनवा मिस्त्री, मग पाहा कशी रडते!" तिच्यादेखत बोलला. आणि मी? "देतो" म्हणालो.

निघताना ती हळूच म्हणाली, "भाऊ, भरमार करा. पण ट्यूब नोका गुंडाळू."

मी मान हलवली. घरी आलो आणि लाकडाला हात लावायच्या आधी ट्यूबच कापली.