दुपारचं हसू

आई, गेले काही दिवस तू अनोळखी लोकांच्या फोनमध्ये हसते आहेस. हे तुला कसं समजावू? तू गेलीस तेव्हा आपल्या घरात बटणांचा एक फोन होता आणि तो तू पदराने पुसून टीव्हीशेजारी ठेवायचीस, जणू त्यालाही नजर लागेल. आता फोनमध्ये सगळंच असतं आणि सध्या त्या सगळ्यात तू आहेस. निळी साडी, खोट्या मोत्यांचे कानातले, मान मागे टाकून, डोळे मिटून हसणारी. बसमध्ये माझ्या शेजारी बसलेल्या एका मुलीच्या हातात मी तुला पाहिलं. तिने अंगठ्याने वर सरकवलं आणि तू गेलीस. मी खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मुलुंडचा माझा थांबा कधी गेला ते कळलंच नाही.

आपले अकरावाले आठवतात ना? त्यांचं नाव लिहीत नाही. आपल्या घरात त्यांना नाव नव्हतंच, रात्री अकराला यायचे म्हणून अकरावाले. दिवसभर टीव्हीवर माणसं एकमेकांच्या अंगावर जायची आणि अकरा वाजता ते येऊन हळू आवाजात पाहुण्यांशी गप्पा मारायचे. प्रेक्षकांत कुणी म्हातारी दिसली की 'आई, जेवलात का?' म्हणून विचारायचे. तू बाबांना टोमणे मारायचीस, "बघा, समोरच्याचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबतात. शिका जरा." चारकोपच्या आपल्या अख्ख्या सेक्टरचं मत होतं की असा सज्जन माणूस शोधून सापडणार नाही. आणि आई, आता त्यांच्या कार्यक्रमात काम केलेल्या बायका बोलायला लागल्या आहेत. आधी मेकअप करणारी बोलली, मग एकेक करून इतर. त्या काय सांगतात ते तुला लिहायला माझा हात धजत नाही, पण माझा त्यांच्यावर विश्वास आहे. लोकांनी एका रात्रीत अकरावाल्यांना 'ते'वरून 'तो'वर आणलं. माझ्या तोंडी अजून कधी ते येतं, कधी तो.

मग लोकांनी त्यांचे जुने भाग उकरायला सुरुवात केली आणि त्यातला एक तुकडा सगळीकडे फिरू लागला. सोफ्यावर एक मुलगी बसली आहे, पहिल्याच सिनेमातली, गावाकडून आलेली, जेमतेम विशीतली. ती कौतुकाने सांगते की हा ड्रेस माझ्या आईने घरी मशीनवर शिवलाय. ते म्हणतात, "उठा की मग. फिरून दाखवा एकदा, आईची शिलाई बघू दे महाराष्ट्राला." ती उठते, फिरते. ते कॅमेरावाल्याला म्हणतात, "जवळ घ्या, अजून जवळ." मग तिच्या पाठीवरच्या वाकड्या शिवणीकडे बघून अगदी गोड आवाजात, "आईला सांगा, मशीनला तेल घाला." हशा होतो. मुलगी ओढणीने पाठ झाकायला बघते आणि स्वतःही हसते, आणि नेमकी तेव्हा पडद्यावर प्रेक्षकांत बसलेली तू येतेस. खाली लोकांनी काय काय लिहिलंय! 'ही मागची बाई बघा.' 'हिला स्वतःची मुलगी नसेल.' कुणीतरी तुझं ते हसू कापून त्याचं स्टिकर केलं. परवा आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी एकाची रजा नाकारली, आणि त्याखाली दुसऱ्याने तुला टाकलं. त्याला काय माहीत तू कोण ते. मी डबा उघडला आणि जेवले.

दादाचा बडोद्याहून फोन आला. "आईची वाट लावलीय यार लोकांनी. तू बघितलंस ना?"

"बघितलं."

"मग काढायला लाव ना! मी तक्रार टाकली तर कंपनीवाले म्हणतात, ही बाई तुमची कोण, तिचा दुसरा फोटो द्या. फोटो सगळे तुझ्याकडे. तूच टाक ना तक्रार, दोन मिनिटांचं काम आहे." मग थोडा थांबून म्हणाला, "अगं, आपली आई अशी होती का?" मी म्हटलं, करते रे. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळ त्याचा तो शेवटचा प्रश्न डोक्यात फिरत राहिला.

त्या शूटिंगला मी आले नव्हते, तरी ती जागा मला तिथे असल्यासारखी दिसते. महिला मंडळाच्या बायकांना प्रेक्षक म्हणून घेऊन बस अंधेरीच्या कुठल्याशा आतल्या गल्लीत गेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दार उघडून आत गेलात तर आत रात्र. टेबलामागे खोटी खिडकी, खिडकीत दिवे लागलेलं शहर आणि वर चंद्र. एक माणूस शिडीवर चढून तो चंद्र फडक्याने पुसत होता, हे तू तीनदा सांगितलंस. मी अजूनही कधी कधी स्वप्नात त्या खोलीत असते. सगळ्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून अंधारात ओळीने बसल्या आहेत, कुणी बोलत नाही, आणि तो माणूस सावकाश चंद्र पुसतो आहे. स्वप्नात मी तुला शोधत पुढे जाते. ओळ संपतच नाही.

त्या संध्याकाळी साडी न बदलता तू कणीक मळायला घेतलीस आणि मी ओट्याला टेकून ऐकत होते. तू सांगते आहेस की अकरावाले यायच्या आधीच एक मॅडम आली. म्हणाली, विनोद नंतर होतील, आधी तुमचं नुसतं हसणं घेऊन ठेवायचंय, कॅमेरा तुमच्यावरून फिरेल, मोकळं हसा. आता काही झालेलंच नाही तर हसायचं कशाला? सगळ्या एकमेकींकडे बघतायत. तुझ्या शेजारी वरच्या मजल्यावरच्या काकू. त्या पासपोर्टच्या फोटोला बसतात तशा ताठ बसून, चेहरा जराही न हलवता, तोंडाने नुसतं 'हा, हा, हा' म्हणत होत्या. ते बघितलं आणि तुला हसू आवरेना. हे सांगताना ओट्याशीही तू एवढी हसलीस की पीठ लागलेल्या हातांनी डोळे पुसता येईनात, म्हणून कोपराने पुसलेस. मी विचारलं, हिरोइन कोण होती? तुझं हसू थांबलं. "लहान होती गं," म्हणालीस आणि तवा ठेवलास. मंडळाच्या बायका पुढेही शूटिंगला गेल्या, पण तू पाय दुखतात म्हणून घरी राहिलीस.

तो भाग रविवारी सकाळी पुन्हा दाखवला तेव्हा आपण पाहिला, कारण बाबांना डेअरीत पहाटेची पाळी असायची आणि अकरापर्यंत ते जागायचे नाहीत. तू दिसलीस तशी आम्ही तिघंही ओरडलो. दादाने सोफ्यावर उडी मारली. तू मात्र पुढे सरकलीस आणि म्हणालीस, "हे इथे कुठून आलं? मी तेव्हा नव्हते हसत." मला वाटतं तू असंच म्हणालीस. बाबा म्हणाले, "अगं, टीव्हीवर आलीस ना? मग!" तेवढ्यात दारावर टकटक, काकू शिरा घेऊन हजर, मागून अजून कोण कोण. तू सगळ्यांसाठी चहा टाकायला आत गेलीस. तुझं काय म्हणणं होतं ते कुणी ऐकून घेतलं नाही. मीही नाही. माझी आई टीव्हीवर आली होती, मला शाळेत कधी जाते असं झालं होतं.

पुढे ते तेलाचं वाक्य सगळीकडे चालू झालं. वर्गात, गल्लीत, भाजीवाल्याकडे. तुझी शिलाई वाकडी असायची हे आता लिहायला हरकत नाही. माझ्या प्रत्येक फ्रॉकची एक बाही दुसरीपेक्षा वर असायची. दादाच्या शाळेच्या पँटी तू आखूड करून दिल्यास, त्याने त्या घालून बघितल्या आणि अकरावाल्यांच्या आवाजात म्हणाला, "आई, मशीनला तेल घाल." आम्ही हसलो, बाबाही हसले. तू कात्री खाली ठेवलीस. "हे वाक्य या घरात नको." दादा म्हणाला, अगं, गंमत केली. "कळतंय गंमत आहे. नको म्हटलं ना." आवाज चढवला नव्हतास, पण त्यानंतर आपल्या घरात ते वाक्य कुणी काढलं नाही. दादाला हे आठवत नसणार, आणि मी आठवण करून देणार नाही. तो बिचारा आधीच चिडलेला आहे.

पण आई, हळूहळू मला माझाच भरवसा वाटेना. 'मी तेव्हा नव्हते हसत' हे तू खरंच म्हणालीस, की मला तसं हवंय म्हणून आता ऐकू येतंय? म्हणून गेल्या शनिवारी अर्धा दिवस मोडून चारकोपला गेले. काकू आहेत अजून, गुडघे गेलेत, बोलणं तेच मालवणी हेलाचं. "काय गो, आज वाट चुकलीस?" म्हणत त्यांनी जवळ बसवलं. मी फोन पुढे केला. त्यांनी चष्मा लावला, बोटाने पडदा दाबला, चित्र थांबलं.

"अगो, ही तर मलाच हसतेय! हा बघ माझा खांदा." खरंच, तुझ्या कडेला हिरव्या पोलक्याचा एक खांदा आहे. इतक्यांदा बघूनही माझं त्याच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. मला रडू आलं. काकूंनी पाठीवरून हात फिरवला. मग मी नको ते विचारलं. म्हटलं, काकू, आणि ती मुलगी उठून फिरली तेव्हा?

काकूंनी चष्मा काढला. "तेव्हा हसलो गो. ती मॅडम हात वर करायची, हात वर केला की हसायचं. सगळेच हसले."

"आईपण?"

"ते कसं सांगू? मी समोर बघत होते. हसली असेल. नसेलपण." मग म्हणाल्या, "येताना बसमध्ये तिने तिथे दिलेला खाऊचा पुडा उघडला नाही. मी म्हटलं, खा गो, तर म्हणे पोरांना नेते." मी निघताना दारापर्यंत आल्या. "माझ्या पाया पडला होता तो. कॅमेरा बंद होता तेव्हा. त्या पोरी खोटं बोलतात असं नाय म्हणत मी. पण पाया पडला होता, तेपण खरंच ना?" मी म्हटलं, हो काकू, तेपण खरंच.

सोफ्यावरच्या त्या मुलीने, म्हणजे आता ती बाईच आहे, माझ्याहून मोठी, परवा एका मुलाखतीत सांगितलं की तिला अकरावाल्यांचा चेहरा नीट आठवत नाही. लोक हसत होते ते आठवतं. अजूनही कुणी मागे हसलं की तिचा हात पाठीकडे जातो. हे ऐकल्यापासून मला सारखं वाटतं की तिला कळवावं, ताई, ती निळ्या साडीतली बाई तुम्हाला हसत नव्हती. ती माझी आई आहे, तिला स्वतःला सरळ शिवता यायचं नाही. तिने ते वाक्य घरात येऊ दिलं नाही. मी हे लिहिलं आणि खोडलं, परत लिहिलं, परत खोडलं. एक म्हणजे अकरावाल्यांच्या बाजूची माणसं आधीच ओरडतायत की हे सगळं मागेपुढे जोडलेलं आहे, काही घडलंच नाही. माझं लिहिणं तेच उचलतील आणि तुझ्या आडून त्यांना सोडवतील. ते मला नको आहे. आणि दुसरं, काकूंचं ते 'हसली असेल, नसेलपण'. चित्रातलं हसू तुझं आणि काकूंचं आहे, ते मी छातीवर हात ठेवून सांगेन. पण त्या मुलीने ऐकलेला हशा वेगळा, आणि मॅडमने हात वर केला तेव्हा तू काय केलंस हे सांगायला तूच उरलेली नाहीस. तू हसली असलीस तरी मला समजेल गं. म्हणून तर पुडा उघडला नसशील. मला वाईट एवढंच वाटतं की तुझी बाजू मांडायची म्हटलं तर माझ्याकडे पुरती बाजूच नाही.

दादाला मी काल सांगितलं की तक्रार केली. केलेली नाही. फोटो काढून ठेवलेत, टेबलावरच आहेत. लग्नातले, दादाच्या मुंजीतले, सहलीतले. एकातही तू हसत नाहीस, सगळीकडे ओठ मिटून उभी. आणि तुझा आवाज तर कुठेच नाही. त्या ओट्याशी तू हसत होतीस ते मला लख्ख दिसतं, पीठ, कोपर, सगळं, पण ऐकू काही येत नाही. म्हणून घरात कुणी नसलं की मी तो तुकडा लावते, आवाज मोठा करते आणि डोळे मिटते. लोक त्या मुलीला हसत असतात आणि मी त्यांच्यात तुझं हसणं शोधत असते. ते तिथे नसावं असं मला वाटायला हवं, आई. पण तुझं हसणं कसं होतं ते मी विसरले आहे, आणि ते तिथे सापडलं तर मला हवं आहे.