दुसऱ्याच्या नावावर लिहिलेली चूक

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त लिफ्ट-मेकॅनिक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. मला कोणी दम दिलेला नाही, की गोड बोलून गुंडाळलेले नाही. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नसते असे वकीलबाईंनी सांगितले. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण आधी सगळ्या वायरींना चिठ्ठ्या लावून व्हायच्या होत्या.

कलम पहिले. राहते घर पत्नीला द्यावे आणि तिच्या पश्चात मुलीला. पत्नी हयात असेतो "आता आमच्याकडेच चला" म्हणून तिला कोणी हलवू नये. मागच्या खोलीत दर रविवारी सकाळी आमचे टेबल भरते, ते तसेच भरू द्यावे. टेबल म्हणजे आम्ही पाच-सहा हौशी लोक. कोणाच्या घरच्या संगणकाची रॅम वाढव, कोणाची डिस्क बदल, कोणाचा सुरूच होत नाही तो उघडून बघ, असे आमचे चालते. आमच्यात इंजिनिअर एकही नाही. या कलमाला पत्नीची संमती आहे. "कप विसळून ठेवणार असाल तर भरवा," असे तिचे शब्द आहेत.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल ते पत्नी आणि मुलीने निम्मे निम्मे घ्यावे. मुलगी वीस वर्षे म्हणते आहे, "बाबा, सरळ नवीन का नाही घेत?" तिने आता खुशाल नवीन संगणक घ्यावा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण माझ्यानंतर घरात चिकाटीने फॉर्म भरणारी तीच आहे.

कलम तिसरे. माझे सात संगणक आहेत. चार चालतात, दोन नाइलाजाने चालतात आणि एक नुसता दिवा लावतो. त्यातला सर्वांत चांगला गुरुजींना द्यावा. गुरुजी म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचा संगणक घरी रोज बंद पडायचा आणि टेबलावर आणला की शहाण्या बाळासारखा चालायचा. मी त्याचा पॉवर सप्लाय बदलला, रॅम बदलली, डिस्क पुसून सगळे नव्याने भरले. असे तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी टेलरबाई, म्हणजे कोपऱ्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाच्या मालकीणबाई, खुर्चीवरून न उठता म्हणाल्या, "गुरुजी, घरी बसता तसे बसून दाखवा बघू." गुरुजी बसले, पाय लांब केले, आणि त्यांचा अंगठा थेट वायरीच्या प्लगवर जाऊन टेकला. "यंत्र ठणठणीत आहे," बाई म्हणाल्या. "पाय आखूड करा." सगळे हसून लोळले. मीही हसलो, पण मनातून थक्क झालो होतो. चाळीस वर्षे लिफ्टच्या खोल्यांत काढली, तरी असे डोके मी दुसरे पाहिले नाही.

कलम चौथे. माझ्या मेहुण्याने चौदा वर्षांपूर्वी माझा लोहचुंबकाच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर "दोन मिनिटांसाठी" नेला. तो मी त्याला देऊन टाकत आहे. निदान यापुढे तरी त्याच्या घरात चोरीचा माल राहणार नाही.

कलम पाचवे. हे कलम लिहायला मला तीन दिवस लागले.

आमच्या टेबलाचा एकच कायदा आहे. यंत्र बिघडवले की चुकांच्या वहीत लिहायचे: काय केले, काय समजलो होतो, खरे काय निघाले. ज्याची चूक त्यानेच आणि स्वतःच्या अक्षरात लिहायची. दुसऱ्याची चूक कोणीही लिहायची नाही. फुंकरभाऊ हे आमचे कंपाउंडर. कुठलाही बिघाड धूळ फुंकली की जातो असा त्यांचा विश्वास आहे, आणि आम्हाला लाज वाटावी इतक्या वेळा तो खराही ठरतो. त्यांच्या एकट्याच्या एकतीस नोंदी आहेत. एकूण नोंदी एकशे बारा. त्यांतली एकच दुसऱ्याने लिहिलेली आहे, आणि तो दुसरा म्हणजे मी.

अकरा वर्षांपूर्वी मी जुन्या कॅबिनेटमध्ये नवा मदरबोर्ड बसवला. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून त्याच्याखाली पितळेचे बारीक खांब असतात. बोर्डाला जिथे भोक, तिथेच खांब हवा. जुन्या बोर्डाचा एक खांब काढायचा मी विसरलो. तो नव्या बोर्डाच्या पाठीखाली केसभर अंतर ठेवून उभा राहिला.

रविवारी त्यात रॅम वाढवायची होती. ते काम टेलरबाईंनीच करावे असा सगळ्यांचा आग्रह, कारण तसा हात आमच्यात कोणाचाच नव्हता. आत हात घातला की न बघता त्यांना सैल जोड सापडायचा. त्यांनी वायर काढली, पत्र्याला हात लावून अंगातली वीज उतरवली, पट्टी दाबून बसवली. सगळे बिनचूक केले. पण दाबताना बोर्ड वाकला आणि त्या खांबाला टेकला. त्यांनीच वायर परत लावली आणि मी बटण दाबले. चट्ट आवाज आला, जळका वास सुटला आणि खेळ खलास.

माझ्या तोंडून निघून गेले, "बाई, वायर काढली नव्हती का?"

"काढली होती वाटतं," बाई म्हणाल्या. चांगले काम करणाऱ्याला आधी स्वतःचाच संशय येतो, आणि मी त्याचा फायदा घेतला. त्या सुन्न बसल्या होत्या, म्हणून मीच वही ओढली आणि लिहिले: "टेलरबाई. वायर न काढता रॅम बसवली."

दुसऱ्या दिवशी बोर्ड काढला, तर पाठीवर काळा गोल डाग आणि बरोबर त्याखाली माझा खांब. मी तो काढला आणि मूग गिळून बसलो. पुढच्या रविवारी सांगू, त्याच्या पुढच्या रविवारी सांगू, असे करत अकरा वर्षे गेली. त्या दिवसापासून बाईंनी दुसऱ्याच्या यंत्राला हात लावलेला नाही. येतात, हात मांडीवर ठेवून बसतात, तोंडाने सांगतात, आम्ही करतो. आमच्यातले सर्वांत चांगले हात मी बसवून ठेवले.

सबब, माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या रविवारी हे कलम टेबलासमोर मोठ्याने वाचावे आणि ती नोंद खोडावी.

कलम सहावे. माझी सर्व हत्यारे, मल्टिमीटर व सोल्डरिंगच्या सामानासह, टेलरबाईंना द्यावीत.

पुरवणी. वरील मजकुराची शुद्ध प्रत पत्नीने लिहिली, कारण माझे अक्षर वकीलबाईंना लागले नाही. पाचव्या कलमापाशी तिने पेन खाली ठेवले.

"मेल्यावर माफी मागणार? म्हणजे ती ओरडली तरी तुम्हाला ऐकू यायला नको!"

"अगं, स्पष्ट लिहिलंय ना सगळं."

"आणि ती तुमच्याआधी गेली तर?"



म्हणून गेल्या रविवारी पाचवे कलम मीच उभा राहून वाचले. गुरुजींनी चष्मा काढला. बाईंनी मांडीवरचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाल्या, "अकरा वर्षं. शिवताना सुई टोचली तरी वाटायचं, गेले, हातच गेले माझे." आणि उठून चालत्या झाल्या. मला वाटले, आता त्या परत यायच्या नाहीत, आणि तसे झाले असते तरी बोलायला मला तोंड नव्हते.

आज त्या आल्या. वही मागितली. ती नोंद मला माझ्या हाताने खोडायला लावली, खाली एकशे तेरावी माझ्या नावावर लिहायला लावली, आणि शुद्धलेखनासकट तपासून घेतली. मग म्हणाल्या, "हत्यारं मेल्यावर कशाला? आत्ता द्या. गुरुजींच्या संगणकातला पंखा खडखडतोय." मी दिली. त्यांनी पत्रा काढला, आत हात घातला आणि छताकडे बघत बोटांनी चाचपत राहिल्या. "हा बघा, इथे स्क्रू सुटलाय." मला रडू आले. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

सबब कलम सहावे रद्द. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्ष घालू नये, असे वकीलबाई म्हणतात. टेलरबाईंना आता माझ्याकडून काहीच मिळणे बाकी नाही. साक्षीदाराची जागा त्यांनी स्वतः मागून घेतली.

स्थळ: घरची मागची खोली. दिनांक: ७ सप्टेंबर, रविवार.

मृत्युपत्र करणाऱ्याची सही

साक्षीदार पहिले: कंपाउंडर, ऊर्फ फुंकरभाऊ. सही माझ्यासमोर झाली. शाई फुंकून वाळवली.

साक्षीदार दुसऱ्या: टेलर, कोपऱ्यावरचे दुकान. सही माझ्यासमोर झाली. मजकूर वाचला. राग अजून गेलेला नाही. माझे हात चांगले आहेत. तेव्हाही चांगलेच होते.