पाणीपाळी आणि नवा गाभा

कडेगाव,
१२ फेब्रुवारी १९९८

चि. वीरधवल,

अनेक आशीर्वाद. गुडघा कसा आहे? लष्करातून निवृत्त झालं म्हणून सकाळचं फिरणं बंद करायचं नसतं, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. उत्तर आलं नाही, म्हणजे बंद केलं आहेस. माझी तब्येत ठीक. (दाढ सोडून. तो विषय नको.)

या पत्राला कारण तूच आहेस. १९९१ साली रजेवर आला होतास, तेव्हा आपल्या उपसा सिंचन संस्थेला पाणीपाळीचा प्रोग्रॅम लिहून दिलास. पाळीच्या आधी बटण दाबायचं, एकेचाळीस सभासदांची यादी छापून निघायची, सचिव म्हणून मी सही करायची आणि बिराप्पा पाटकऱ्याने त्या क्रमाने रोज एकेकाला पाणी सोडायचं. सात वर्षं बिनतक्रार चाललं. दिवाळीत तो संगणक बंद पडला (आत उंदरांनी संसार थाटला होता), म्हणून संस्थेने नवा घेतला. तो बसवायला सांगलीच्या क्लासमधल्या माया बनसोडे आल्या. जुना प्रोग्रॅम यात चालेल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "चालायलाच हवा, बाई."

हा 'हवा' कुठून आला, ते समजून घ्यायला मी त्यांना तीन वेळा चहा पाजला. संगणकाच्या प्रणालीला एक गाभा असतो, हे तुला ठाऊक आहे, मला नव्हतं. प्रोग्रॅम स्वतः फारसं काही करत नाही. फाइल उघडून दे, वेळ सांग, हे छाप, असं सगळं गाभ्याकडे मागतो आणि प्रत्येक मागणीचा क्रमांक ठरलेला असतो. गाभा नवा आला, आतून पार बदलला, तरी जुने क्रमांक तसेच ठेवायचे. म्हणजे जुन्या प्रोग्रॅमला पत्ताही लागत नाही. मला हे फार आवडलं. (आमच्या शाळेत नवे मुख्याध्यापक आले की आधी घंटेच्या वेळा बदलत.)

तर प्रोग्रॅम चालला. यादी निघाली, मी सही केली, फळ्यावर लावली. दुसऱ्या दिवशी सगळ्यात वरच्या रानाचे नानासो चप्पल न काढता कार्यालयात.

"आवं बाई, धोंडुबाई पयली? तिचं रान पाटाच्या शेपटाला हाय!"

"मग?"

"मग काय मग! पाट माज्या बांधावरनं जातोय. आदी मला, मग खाली. कवापासनं हाय हे!"

हे मीच मुद्दाम केलं, असं ते गावभर सांगत आहेत. धोंडुबाई सात वर्षं एकेचाळिसावी. तिच्यापर्यंत पाळी येईतो एकतर येरळा नदी आटलेली किंवा वीज गेलेली, आणि तिचा अर्धा एकर ऊस वैरणीला कापला जातो. यंदा पाणी भरून ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "चुकून झालं आसंल तर आत्ताच सांगा बाई. उसाला सवय लागाय नगं."

मग माया आणि मी तुझा प्रोग्रॅम कागदावर छापून लाल पेनाने तपासला. प्रत्येक सभासदाची एक फाइल आहे. क्रम लावण्याची ओळ कुठेही नाही! तू गाभ्याला नुसतं विचारलंस, फाइली कोणकोणत्या? जुना गाभा नावं ज्या क्रमाने भरली त्या क्रमाने सांगायचा, आणि तू वरच्या रानापासून भरत गेला होतास. नवा त्याच्या सोयीने सांगतो. माया म्हणाल्या, क्रमाचं वचन जुन्यानेही दिलं नव्हतं, त्यामुळे नव्याने काही मोडलेलं नाही.

हे ऐकून मी संस्थेची ठरावांची वही काढली. स्थापनेपासून वाचली. वरच्या रानाला आधी पाणी, असा ठराव एकदाही झालेला नाही.

एक ओळ घातली की जुना क्रम परत येतो. पाच मिनिटांचं काम. "कोणता क्रम घालू?" असं विचारून माया थांबल्या आहेत. १ मार्चला सर्वसाधारण सभा आहे.

गुडघ्याला शेक दे.

तुझी,
क्रांतीताई

ता. क. नानासोंचे दोन्ही मुलगे फौजेत आहेत, त्यामुळे तुझं ते ऐकतात. सभेत वाचता येईल असं पत्र पाठव: क्रम लावायचा माझ्याकडून राहिला, संस्थेने तो कधी ठरवलाच नव्हता, आता सगळ्यांनी बसून ठरवावा. चुकीची कबुली दोन ओळींत पुरे. कारणं नकोत. शुद्धलेखन तपास.

ता. क. २. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात बिराप्पा आला. "बाई, पंचवीस झालं. सव्विसावं कोन?" यादीचं दुसरं पान प्रिंटरमध्येच राहिलं होतं. (पान उलटून बघा, हे मुलींना सांगण्यात माझी तीस वर्षं गेली.) आपलं रान वरून दुसरं, हे तुला आठवत असेल. नव्या यादीत आपण एकेचाळिसावे आहोत. हे पत्र फाडावं असं मनात आलं होतं. किती वेळ, ते लिहीत नाही. तुझं पत्र तेवढं लवकर पाठव. धोंडुबाईच्या उसाला सवय लागली आहे.