निर्माल्यात गेलेली हार्ड डिस्क

नाशिक,
मंगळवार, १४ ऑक्टोबर २००८

तीर्थरूप गोटीराममामांस,

किशोरचा साष्टांग नमस्कार. (खरोखरचा साष्टांग. शुक्रवारपासून उजवा गुडघा वाकत नाही, त्यामुळे नमस्कार करायचा तर सगळं अंग आडवंच टाकावं लागतं. कारण पुढे येईल.) तुमची कंबर कशी आहे? इगतपुरीचा पाऊस एव्हाना हटला असेल, म्हणजे तीही थोडी सरळ झाली असेल. भागूमामींचा खोकला गेला का? त्यांना नमस्कार सांगा, पण हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नका, त्या लगेच आईला फोन लावतात. आणि पत्र अशासाठी, की फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी "मामा, ऐका" म्हटलं की तुम्ही "आधी तू ऐक" म्हणता, तेवढ्यात मागे इंजिनाची शिट्टी होते आणि तुम्ही ड्यूटीवर पळता. आता शिट्टी होऊन गेल्यावर, जेवण झाल्यावर, पान लावून निवांत वाचा.

दादांनी तुम्हाला कळवलंच असेल की त्यांचा मुलगा वाया गेला. ते साफ खोटं आहे. मी कॅनडा कॉर्नरच्या मागच्या गल्लीत यादवभाऊंच्या दुकानात कॉम्प्युटर जोडतो, आणि दीड वर्षात माझ्या हातून गेलेलं एकही मशीन तक्रार घेऊन परत आलेलं नाही (एक आलं होतं, पण त्यात उंदीर निघाला). कॉलेज मी सोडलं, कॉलेजने मला नाही. दादांची बाजू तुम्ही ऐकली आहे, माझी ही घ्या. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला माझा प्रोग्रॅम शंभर टक्के बरोबर होता, पण त्या मशीनला मेमरी इतकी तुटपुंजी, की अर्ध्यात पोचून ते गपगार व्हायचं. मी म्हणालो, सर, मशीनला मेमरी वाढवा. सर म्हणाले, आधी तुझ्या डोक्यात वाढवायला पाहिजे. सगळा वर्ग हसला. मी जर्नल त्यांच्या टेबलावर ठेवलं (दादा म्हणतात फेकलं. टेबल लांब होतं) आणि बाहेर पडलो, ते आजपर्यंत त्या फाटकातून आत गेलो नाही. मी ठरवलं म्हणजे ठरवलं.

त्या वर्गात एक मुलगी हसली नव्हती. तिचं नाव तृप्ती. मखमलाबादला तिच्या वडिलांची, सावळीरामअण्णांची, द्राक्षबाग आहे आणि बांधाने झेंडू. तिच्याबद्दल मला काय वाटतं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच लिहितो, की मखमलाबाद नाक्यावर कोणती बस किती वाजता येते हे मला तोंडपाठ आहे आणि मी त्यातल्या एकाही बसने कुठे जात नाही. तृप्ती आता शेवटच्या वर्षाला आहे. तिचा प्रोजेक्ट म्हणजे द्राक्षांच्या फवारणीची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम: कोणतं औषध, कोणत्या दिवशी, कोणत्या ओळींवर. अण्णांच्या तीन वर्षांच्या वह्या (औषधाचे डाग पडलेल्या, त्यात अण्णांचं अक्षर) तिने एकटीने टाइप केल्या. आणि हे सगळं एका म्हाताऱ्या लॅपटॉपवर, जो सुरू करून ती आत चहा ठेवायची, चहा पिऊन कप विसळून यायची, तेव्हा कुठे त्याला जाग आलेली असायची. प्रोजेक्ट दाखल करायचा दिवस तेरा ऑक्टोबर, सोमवार.

मी तिला म्हणालो, मेमरी चौपट करतो, हार्ड डिस्क दुप्पट करतो, दोन तासांचं काम. ती म्हणाली, "तू आजवर लॅपटॉप उघडलायस का रे?" मी म्हणालो, मशीन ते मशीन. मामा, खरं सांगतो, तिचं वर्ष माझ्या एका स्क्रू-ड्रायव्हरवर आहे हे मला कळत होतं. पण अण्णा मला त्यांच्या ओट्यावर, चारचौघांत, "अर्ध्यातले इंजिनियर" म्हणतात. आवाजात आदर असतो, तो जास्त लागतो. म्हटलं, हे एक काम नीट झालं की या घरात आपलं नाव बदलेल. नाही झालं, तर मात्र नाक्यावरच्या बसचं वेळापत्रक विसरून जायचं.

गेल्या मंगळवारी तिच्या घरी गेलो. लॅपटॉप उलटा केला, दोन स्क्रू काढून मेमरीचं झाकण उघडलं, आणि पट्टी काही केल्या बसेना. पट्टीला खालून एक खाच असते आणि जागेवर तिला जुळणारा दात असतो. माझ्या पट्टीची खाच केसभर बाजूला. म्हणजे मी पुढच्या पिढीची पट्टी आणली होती. (दोन्ही सारख्याच दिसतात. यादवभाऊंनीही कबूल केलं, फक्त हसून.) गोजराकाकू, म्हणजे तृप्तीची आई, शेजारी झेंडूचे हार ओवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "जोर नको लावू रे, नवी सूनबी जोर लावल्यानं घरात बसत नाय." मी जोर लावणं थांबवलं. रिकाम्या हाताने परतायला नको म्हणून जुनी डिस्क काढली, नवी बसवली, तीत विंडोज टाकलं, आणि तृप्तीला सांगितलं की जुनी डिस्क इथेच टेबलावर राहू दे, उद्या बरोबर पट्टी आणि केसिंग (डिस्क बाहेरून जोडायचं खोकं) आणतो, मग जुनीवरचं सगळं नवीवर उतरवून घेऊ.

उद्या म्हणजे बुधवार, आणि बुधवारी खंडेनवमी, हे माझ्या डोक्यातून गेलं. (सर कदाचित तेवढ्यापुरते बरोबर असतील.)

गेलो तर ओसरीत चौरंग. त्यावर लाल कापड, कोयता, छाटणीच्या कात्र्या, फवारणीचा पंप, अण्णांच्या लूनाची किल्ली, आणि मधोमध लॅपटॉप. त्याच्या झाकणावर हळदी-कुंकवाची बोटं, अक्षता, झेंडूचं फूल. आणि शेजारी, औजारांच्या रांगेत, तृप्तीची जुनी डिस्क, तिच्यावरही एक फूल. मी हात पुढे केला तर काकूंनी तो वरच्यावर झटकला.

"आज औजारांना सुट्टी असती. उद्या देव हलवल्याबिगर हात लावायचा नाय."

"काकू, हे औजार नाही, कॉम्प्युटर आहे."

"मग काय झालं? पोरगी दिसभर त्याच्यावरच राबती ना?"

माझं डोकं तापलं. सोमवार पाच दिवसांवर, आणि मशीन चौरंगावर सुट्टी घेऊन बसलेलं! मी बोलणार तेवढ्यात तृप्तीने काकूंच्या पाठीमागून माझ्याकडे असं पाहिलं, की मी गप पाटावर बसलो. वर काकू म्हणाल्या, "तुझी ती पट्टी पण आण हिकडं, नवीन वस्तू हाय." मी म्हणालो, काकू, त्या सोनेरी टोकांना कुंकू नको. म्हणाल्या, "सोनं तर आधी." मामा, माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी मेमरीच्या एकेका टोकाला बोट टेकवलं. मी नमस्कार केला. दुसरं काय करणार?

गुरुवारी दसरा. त्या दिवशी आमच्या दुकानात मुहूर्ताच्या खरेदीला ही गर्दी, मला पाणी प्यायलाही फुरसत नव्हती. शुक्रवारी सकाळी मखमलाबादला पोचलो. मेमरीवरचं कुंकू खोडरबराने घासून काढलं, पट्टी तिरकी धरून सरकवली, खाली दाबली, दोन्ही बाजूंचे खटके टक् टक् लागले. लॅपटॉप असा सुरू झाला, की तृप्ती चहा ठेवायला उठली होती ती दारातच थांबली. मामा, त्या क्षणी तिचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. मी छाती काढून म्हणालो, आता जुनी डिस्क दे.

डिस्क नव्हती. टेबलावर नव्हती, चौरंगावर नव्हती. काकूंना विचारलं. "कोणती? ती चपटी डबी? अगंबाई, ती फुलांखाली ऱ्हायली वाटतं. मी सगळं निर्माल्य एकदमच गोळा केलं." निर्माल्य पिशवीत, पिशवीला गाठ, आणि ती पिशवी भल्या पहाटे फुलबाजारात जाताना अण्णांनी लूनावरून नेऊन रामवाडीच्या पुलावरून गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, सोडली होती. अण्णा बागेतून आले ते हातात कात्री घेऊनच. म्हणाले, "मी नमस्कार करून सोडली." जसं काही नमस्काराने डिस्क वर तरंगणार होती! मी तृप्तीकडे पाहिलंच नाही. चप्पल घातली आणि निघालो. ती मागून काहीतरी म्हणत होती, पण मी निघालो की निघालो.

पुलाखाली उतरलो आणि पाहतो तर अख्ख्या नाशिकचा दसरा तिथे येऊन पडलेला. काठाला, दगडांना, झुडपांना अडकलेल्या शेकडो पिशव्या, सगळ्यांत झेंडू. अण्णांची पिशवी निळी, एवढंच मला माहीत होतं, आणि निळ्या पिशव्या निम्म्या होत्या. पँट दुमडली, चपला आणि मोबाइल काठावर धुणं धुणाऱ्या एका बाईंपाशी ठेवले, आणि लागलो एकेक गाठ सोडायला. चौथी पिशवी फोडली तशा त्याच बाई कडाडल्या, "ए, लोकांच्या देवाचे नारळ चोरतोस व्हय रे? अंगावर कपडे तर चांगले हायेत!" त्यांचं नाव तानुबाई. मी सांगितलं, नारळ नको, डबी हरवली आहे. "कशाची डबी?" एका मुलीचं सगळं वर्ष आहे तिच्यात, म्हणालो. तेवढं ऐकून तानुबाईंनी ओचा खोचला आणि माझ्यावर मुकादमी सुरू केली: ही नको, ती बघ, पलीकडची बघ, शेवाळावर पाय देऊ नको. शेवाळावरच पाय पडला. गुडघा तिथे गेला.

मी पाण्यात बसलेलो असताना झिपरूकाका आले. हे गृहस्थ गंगेत दोरीला लोहचुंबक बांधून टाकतात आणि भाविकांनी सोडलेली नाणी वर काढतात, हा त्यांचा तीस वर्षांचा धंदा. "लोखंडाची हाय का डबी? मंग थांब." मला काही सुचायच्या आत त्यांनी स्पीकरमधून काढलेलं भाकरीएवढं चुंबक फेकलं. मामा, हार्ड डिस्कजवळ चुंबक म्हणजे बारशाला विंचू! मी ओरडलो, काका, चुंबक नको, सगळं पुसलं जाईल! तेवढ्यात ठक् असा आवाज झाला आणि दोरीला लोंबकळत निळी पिशवी वर आली. अण्णांचीच. मी चुंबक उपटायला धावलो, आमची दोघांची दोरीवर ओढाताण झाली, आणि झिपरूकाका रागावून म्हणाले, "तीस वर्सं झाली पोरा, माझ्या चुंबकानं एका रुपयावरचा आकडा पुसला नाय."

तर मामा, गाठ पक्की होती, डिस्क आत कोरडी होती, फक्त हळदीने माखलेली. मी ती केसिंगमध्ये घातली, तृप्तीच्या लॅपटॉपला जोडली, आणि ती फिरली! काल, सोमवारी, दुपारी बाराला तृप्तीचा प्रोजेक्ट दाखल झाला. प्रोजेक्ट तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, एवढा वेगाने कसा चालतो हा? तृप्ती म्हणाली, एका मित्राने मेमरी वाढवून दिली. म्हणून तुमच्यामार्फत दादांना कळवतो, की कॉलेजवाचून माझं काही अडलेलं नाही. मेमरी, डिस्क, गंगा, सगळं एका हाती निभावलं. माझा निश्चय पूर्वी होता तोच आहे.

मामींचा खोकला कळवा.

तुमचा आज्ञाधारक भाचा (इथे हसू नये),
किशोर

ता. क. वर 'फिरली' लिहिलं आहे ते खरं आहे. पण डिस्क अकरा सेकंद फिरली, मग कट् कट् वाजली आणि कायमची बसली. प्रोजेक्ट तृप्तीच्या पेनड्राइव्हवरून दाखल झाला. मी मंगळवारी पहिला स्क्रू काढायच्या आधीच तिने सगळं उतरवून ठेवलं होतं. शुक्रवारी ती मागून तेच सांगत होती. नंतर तिने तीनदा फोनही केला, तो तानुबाईंनी उचलून "तो पाण्यात हाय, सांजच्याला कर" म्हणून ठेवून दिला.

ता. क. दुसरा. काल संध्याकाळी मी तिला म्हणालो, तुझ्यासाठी मी गंगेत उतरलो. ती म्हणाली, "तुला गंगेत उतरायला मी सांगितलं नव्हतं. वर्गात बस म्हणून मात्र दीड वर्ष सांगतेय." मग म्हणाली, "अण्णांना मी कुणाचं नाव सांगू? अर्ध्यातल्याचं?" मामा, मी आजवर सरांशी भांडलो, दादांशी भांडलो, त्या दिवशी झिपरूकाकांशी भांडलो. हिच्याशी मात्र भांडलो नाही. कॉलेजचा फॉर्म आणला आहे. दुसऱ्या वर्षाच्या राहिलेल्या सत्राला जानेवारीपासून बसता येतं. तीस तारखेच्या आत पालकाची सही लागते, आणि पालकाने स्वतः येऊन करायची असते. दादांनी माझ्या कुठल्याही कागदावर सही न करण्याची शपथ घेतली आहे (हा स्वभाव मला कुठून आला, हे आता तरी आईने मान्य करावं). तुम्ही या. पहिल्या गाडीने या. मी स्टेशनवर घ्यायला येतो.

ता. क. तिसरा, आणि हा मात्र मामींनाही वाचून दाखवू नका. फॉर्मसोबत सरांच्या नावे माफीपत्र जोडायचं आहे. मी सकाळपासून चार वेळा लिहिलं. सुरुवात प्रत्येक वेळी 'माझी चूक झाली' अशीच करतो, पण तिसऱ्या ओळीपर्यंत चूक सरांचीच निघते. तुम्ही शेजारी बसून सांगा, मी मान खाली घालून तुमचा शब्द न् शब्द उतरवून घेईन.