विनाकारण भोंगा वाजवल्याबाबत खुलासा व एका रविवारची मागणी

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
जलाशय व दरवाजे नियंत्रण कार्यालय.

विषय : नौकाविहार बंद करणेबाबत, ते शक्य नसल्यास परिच्छेद ५ पाहावा.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

१. अर्जदार हा धरणाच्या दरवाजांवर चालक आहे. दरवाजे उघडण्यापूर्वी भोंगा वाजवणे व भोंगा वाजताच सर्व होड्यांनी धक्क्याला परत येणे, असा नियम आहे. अर्जदाराने गेल्या महिन्यात तीनदा भोंगा वाजवून एकदाही दरवाजा उघडला नाही, हे खरे आहे. तिसऱ्या वेळी खाली नदीवर धुणे धुणाऱ्या बाया ओले पिळे टाकून पळाल्या व एकीची चादर वाहून गेली. ती चादर अर्जदार भरून देईल.

२. कारण असे की, अर्जदाराची पत्नी धक्क्यावरील तिकीट खिडकीत कामास आहे. खिडकी बंद झाल्यावर तेथील नावाडी, ज्यास सर्व जण ‘कप्तान’ म्हणतात (वास्तविक त्याच्याकडे एक लाल टोपी व चार होड्या आहेत), तिला वल्हवायला शिकवतो. होडीत चढताना हात दिला, समजू शकतो. उतरताना दिला, तेही समजू शकतो. परंतु मधल्या वेळातही एकाच वल्ह्यावर दोघांचे हात असतात, हे अर्जदाराने दुर्बिणीतून पाहिले आहे. दुर्बीण पाणीपातळी वाचण्यासाठी दिलेली आहे, याची जाणीव आहे. घरी जेवताना कप्तान असं म्हणतात, कप्तान तसं म्हणतात, हेच चालते. अर्जदाराच्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

३. सदर जलाशय पिण्यासाठी, शेतीसाठी व विजेसाठी बांधलेला असून, दुसऱ्याच्या बायकोस वल्हे शिकवणे हा हेतू मूळ आराखड्यात कोठेही नमूद नाही. सबब होड्या गाळात रुततील इतकी पातळी खाली आणावी, अशी विनंती होती. शहराला पाणी कमी पडेल हे मान्य. पण अर्जदाराच्याही घशाखाली सध्या घास उतरत नाही.

४. वरील मजकूर लिहून झाल्यावर पत्नीने तो वाचला. ती हसेल किंवा रडेल असे वाटले होते. ती म्हणाली, “अहो, भोंगा वाजवून बोलावता, तसं तोंडानं बोलवा की कधीतरी! पहिल्या दिवशी मी तुम्हालाच म्हटलं होतं, चला. तुम्ही म्हणालात, दिवसभर पाणीच बघतो, त्यात जाऊन काय करू? मग शिकले मी. म्हटलं, आपणच वल्हवू आणि यांना बसवून नेऊ.”

अर्जदारास पाण्याची भीती वाटते. ही बाब सेवापुस्तकात नाही आणि त्या दिवसापर्यंत घरीही कोणास ठाऊक नव्हती. आता पत्नीस सांगितली आहे.

५. तरी परिच्छेद ३ रद्द समजून अर्जदारास येत्या रविवारी संध्याकाळची सुट्टी मिळावी. बदली माणूस कोणीही द्यावा, फक्त कप्तानास दरवाजांच्या खोलीत पाऊल ठेवू देऊ नये. तो भोंगा वाजवेल. मी त्याच्या जागी असतो तर वाजवला असता. आणि भोंगा वाजला की होडी परत आणावी लागते, साहेब. मला त्या दिवशी लवकर परत यायचे नाही.

कळावे, आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
दरवाजा चालक
(सही)

दिनांक : नोटीस मिळाल्याचा तिसरा दिवस

सोबत : १. दुर्बीण (परत)
२. पत्नीची संमती (तोंडी)