हाकेच्या अंतरावर

८ मार्च २०२५
माझा दात गेला. खालचा, पुढचा. यशोदेने पाडला — झोपेत!
दिवसा हिला पाण्याचा पेला ओठापर्यंत नेता येत नाही. दोन्ही हातांनी धरते, तरी अर्धं पाणी पदरावर. आणि पहाटे असा दणका. वर ओरडत होती, "खापर तापनं वं बाई, मांडा टाक!" दोंडाईचाला असताना गल्लीच्या टोकापर्यंत जायचा तोच आवाज. दिवसा तोंडाशी कान नेला तरी काय म्हणते ते कळत नाही.
डॉक्टर म्हणाले, पार्किन्सनमध्ये होतं असं. माणूस स्वप्नात जे करतो ते हातपायही करतात. रागाने मारलेलं नाही, नाना. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, रागाने मारते तेव्हा सांगून मारते.
वेगळे झोपा, म्हणाले. या वयात!

१० मार्च
समाधानने माझी कॉट बाहेरच्या खोलीत टाकली. तिचा पलंग काढून जमिनीलगतचा बुटका दिवाण आणला. मधे दार. मी ते उघडंच ठेवतो.
पोराने तिच्यासाठी बेलही आणली, उशाला ठेवायची. दिवसभर अंगठा थरथरतो आणि बेल वाजत राहते. खरी गरज पडली की बटण दाबलं जात नाही. सूनबाईंनी, म्हणजे दिपमालाने, सेल काढून टाकले.

१७ मार्च
देवपुरातच व्यायामाचा वर्ग आहे, तिथे नेलं. मला वाटलं होतं रिकामटेकड्यांचा उद्योग असेल. फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या. त्या ओलांडत चालायचं. दारात हिचे पाय फरशीला चिकटून बसतात, ढकललं तरी हलत नाहीत. पण पट्टी दिसली की पाय उचलला जातो! असं का, ते शिकवणाऱ्या मोहिनी मॅडमने समजावलं. मला निम्मं कळलं.
"हातांनी काय काम करायच्या आजी?"
मी सांगितलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गल्लीतल्या बायका हिला मांडे करायला बोलवायच्या. पुरणाची पोळी कोपरापर्यंत हातांवर फिरवत मोठी करायची आणि उपड्या खापरावर अलगद टाकायची. मॅडमने ओला पंचा दिला, म्हणाल्या, याचा मांडा करा. हिने दोनदा फिरवला. खाली पडला. पडलेल्या पंच्याकडे बघत राहिली. मला तिथून उठून जावंसं वाटलं.
व्यायाम सकाळीच करायचा. दुपारी झोपू द्यायचं नाही. मग रात्रीची झोप सुधारेल म्हणे.

२४ मार्च
दुपारची डुलकी घेऊ देत नाही म्हणून यशोदेने अबोला धरला आहे. तसाही आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे अबोला आहे हे कळायलाच दोन दिवस गेले.

२ एप्रिल
पहाटे लघवीला एकटीच उठली. दारात पाय चिकटले. चौकट धरून उभी — कधीपासून, देव जाणे. लुगडं ओलं. मी चार हातांवर घोरत पडलेलो. मला पाहिल्यावर रडली. रडण्यालाही आवाज नाही.
मोहिनी मॅडमला सांगितलं. त्या म्हणाल्या, पडल्या तर सगळंच अवघड होईल. एकट्याने उठायचं नाही, हाक मारायची. आणि हाक पोचली पाहिजे, म्हणून आता आवाजाचाही व्यायाम. आणखी कशाला नाही, एवढ्याचसाठी.
"नेहमी काय म्हणून हाक मारता?"
"आयकं का," यशोदा पुटपुटली.
सगळ्या वर्गासमोर तिने ते पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. पहिल्या अक्षरालाच घसा अडतो. मॅडम म्हणाल्या, एकच शब्द घ्या, तोंड मोठं उघडेल असा. नानांचं नावच घ्या ना. झुलाल. ‘लाल’ छान मोकळं निघेल.
यशोदेने पदर तोंडावर घेतला. "नवरानं नाव लेतंस का कोठे!"
लग्नाच्या उखाण्यात घेतलं होतं, तेवढंच. त्यानंतर रेशनच्या दुकानात विचारलं तरी मला पुढे करायची. शेवटी ‘समाधान’ असं ओरडायचं ठरलं. तो ऑफिसात उचक्यांनी हैराण झाला असेल.

१२ एप्रिल
आज लिहायलाच हवं.
पहाटे आतून हाक आली, "झुलाल!" खणखणीत. मी ताडकन उठून गेलो. डोळे मिटलेले, हात छातीवर मांडा फिरवत होते. गाढ झोपेत. हात किती सुरेख चालले होते! अजिबात थरथर नाही. मी खाली बसून बघत राहिलो.
सकाळी सांगितलं तर लाजून लाल झाली. "मी कसाले नाव लिसू!"
नको घेऊस. झोपेत घे, तेवढं पुरे.

१९ एप्रिल
धुळ्याचं ऊन. कूलरशिवाय डोळा लागत नाही, आणि कूलर चालू असला की आतलं ऐकू येत नाही. मी पहाटे उठून बंद करतो. स्वप्नं तिला त्याच वेळी पडतात. सूनबाई कुरकुरली, "बाबा, घामाने जीव गेला, बंद का करता?" आईकडे लक्ष राहावं म्हणून, असं मी सांगितलं. ते काही खोटं नाही. पण खरं म्हणजे मला तिचं बोलणं ऐकायचं असतं. दिवसभर जी सापडत नाही ती बाई पहाटे घटकाभर येते. मी कॉटवर डोळे मिटून पडून राहतो.

३० एप्रिल
आखाजी. सूनबाईने घरीच खापरावर मांडे केले. यशोदा स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्चीवर. एकदम म्हणाली, "जाड शे. आखो पातय कर!" मी बाहेरच्या खोलीत होतो, तिथपर्यंत आलं. जागेपणी! दिपमाला कणकेचे हात घेऊन माझ्याकडे धावत आली, "बाबा, ऐकलंत?"
मोहिनी मॅडमला फोन केला. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, आता हाक नक्की पोचेल.

६ मे, पहाट
आज पुन्हा! कूलर बंद करून नुकताच आडवा झालो होतो. "झुलाल." मग थोड्या वेळाने परत, "झुलाल, झुलाल." नवी नवरी उखाण्यात अडखळते तसं, जरा कापरं. पण स्पष्ट. या वेळी उठलो नाही. मागे उठलो आणि पाय वाजले तशी गप्प झाली होती. पडून ऐकलं. किती बरं वाटलं, काय सांगू. मग शांत झाली.
आता उजाडतंय. चहा झाला की चिडवतो तिला.

६ मे, रात्र
खुबा मोडला. दिवाण आणि कपाटाच्या मधे पडलेली सापडली, चहा घेऊन गेलो तेव्हा. कप तिथेच टाकला.

७ मे
उद्या ऑपरेशन. डॉक्टर म्हणतात, या आजारात पुन्हा चालतील याची खात्री नाही. एवढ्या पट्ट्या ओलांडल्या, एवढी उन्हं डोक्यावर घेतली, सगळं पाण्यात. संताप येतो. हाक मारायला शिकवलं ना? मग मारायची होती! एकटीच उठली, नेहमीसारखी. माझी झोप मोडू नये म्हणून उठली असणार. काल गाडीत तिला बोललो — फार बोललो. "एक हाक मारता येत नव्हती तुला?" ती माझ्याकडे बघत राहिली. ओठ हलले, पण गाडीच्या आवाजात काही कळलं नाही. समाधान म्हणाला, "बाबा, आता नका ना."

९ मे
ऑपरेशन झालं. शुद्ध येते, जाते. झोपेत हात हलत नाहीत.

१३ मे
आज बोलली. कान तोंडाशी नेला तेव्हा कळलं.
"‘आयकं का’ तोंडमाईन निंघे नही. मंग तुम्हनं नावच लिधं. जागी व्हतू मी, तरी लिधं."
मग विचारलं, "मना आवाज कमी पडना ना? तुम्हले ऐकू उना नही?"
मी म्हटलं, कूलर चालू होता.