उलटा फर्मा

प्रिय वावटळ,

तुझा चित्रपट मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा धाकटीबरोबर, पुढच्या दोन वेळा एकटीने, दुपारच्या खेळाला. तिसऱ्या वेळी तिकीट फाडणारा म्हणाला, मावशी, तुमचं कुणी आहे का यात? मी म्हटलं, आहेत थोडे.

चांगला झालाय, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी फार गोड बोलणार नाही. बाइंडिंगचा कारखाना हुबेहूब आपला आहे. घड्या घालायचं लांब टेबल, खळीचं भांडं, आणि समोर शिलाईवर बसलेला तो. विशीतली तीन पोरं, आणि तिघांनाही वाटतंय की खरं आयुष्य दुसरीकडेच कुठेतरी सुरू झालंय आणि आपण इथे सोळा-सोळा पानांचे फर्मे दुमडत बसलोय. मी घड्या घालता घालता वाचायला लागले, तेही तू घेतलंस. गोष्टीचा मधलाच तुकडा वाचणारी आणि शेवट कधीच हाती न लागणारी मुलगी. लोक हसले तिथे, मीही हसले. पण किती थोडा वेळ आहे गं ती. चहा आणते, डोळे मोठे करून बघते, संपलं.

तुझ्या जागी मात्र काय देखणी नटी घेतलीस. तू अशी नव्हतीस. तुझे दात पुढे होते आणि घड्या वाकड्या. मुकादम तुझा गठ्ठा माझ्याकडे सरकवून म्हणायचे, घडी, या वावटळीचं जरा निस्तर. आपली नावं तिथूनच पडली.

आणि तो नट. शिलाई येत नाही त्याला, सुई कशीही ओढतो. पण दोरा दाताने तोडताना मान डावीकडे कलती करतो, तशी हे करायचे. ते तूच शिकवलं असणार. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. मला वाटायचं, ती कलती मान आता फक्त माझ्यापाशी आहे. तुझी नटी त्याला सारखी 'अरे' म्हणते, खेकसते त्याच्यावर. आधी मीही अरेच म्हणायचे. लग्नानंतर त्याचं 'अहो' झालं. तो 'अरे' तुझ्याकडेच राहिला.

फर्म्याची गोष्ट आमच्या घरी कशी सांगायचे ते तुला माहीत नसेल. ह्यांनी चाळीस प्रतींत सहावा फर्मा उलटा शिवला, कारण टेबलापाशी बसलेल्या मुलीवरून नजर हटेना. त्यापायी नवं यंत्र ह्यांच्या हाती यायचं ते दुसऱ्याच्या हाती गेलं. पाहुणे आले की हे माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, हिच्यापायी यंत्र गेलं. मी म्हणायचे, मग यंत्राशीच लग्न करायचं होतंत. मुलं यावर वाढली. त्यातली एक प्रत आमच्या फळीवर आहे, एक्याऐंशी ते शहाण्णव पानं वाचायला पुस्तक उलटं धरावं लागतं. तुझ्या चित्रपटात मात्र त्याची नजर तुझ्या नटीवर आहे. धाकटी तणतणत बाहेर आली. म्हणाली, आई, तिने तुझी गोष्ट ढापली.

येत्या शनिवारी तुमच्याकडे खेळ आहे आणि नंतर तू लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणार आहेस, असं वाचलं. धाकटीने जायचं ठरवलंय. चारचौघांत उभी राहून ती विचारणार आहे, तो खरा मुलगा कुणाकडे बघत होता. बापावर गेली आहे, उत्तर मिळेपर्यंत बसायची नाही. गेल्या महिन्यात तिची नोकरी सुटली. ज्याच्याशी जमेल असं वाटत होतं, तेही फिसकटलं. आपल्या बापाने एका मुलीपायी यंत्र घालवलं आणि ती मुलगी त्याला मिळाली, एवढ्या एका गोष्टीला ती सध्या धरून आहे. तू खोटं काहीच दाखवलेलं नाहीस. त्या दृश्यात दुसरी खुर्ची रिकामी आहे, म्हणजे तुलाही आठवतंय. मी त्या दिवशी आईला घेऊन दवाखान्यात होते. दुसऱ्या दिवशी येऊन त्या प्रती मीच उसवल्या. एकोणचाळीस. चाळिसावी ह्यांनी आदल्या संध्याकाळीच घरी नेली होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती. तू शिकायला निघून गेलीस, मग ह्यांनी मला विचारलं. पाहुण्यांसमोर पहिल्यांदा ती गोष्ट माझ्या नावावर सांगितली तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. हे खरंच विसरले होते की मला देऊन टाकत होते, ते मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. तो दिवस तुझा आहे, आणि आता तर सगळ्यांना तो पडद्यावर बघता येतो. माझ्याकडे फक्त सांगितलेला आहे. शनिवारी धाकटी विचारेल तेव्हा एवढंच म्हण, चित्रपटासाठी बदललं, तिथे तुझी आई बसली होती. तुझे गठ्ठे मी दोन वर्षं निस्तरले. हा एक तू निस्तर.

तुझीच,
घडी